माडाचा कोंब

[नारळाच्या झाडाला कोकणात माड म्हणतात. त्याच्या शेंड्यातील कोंब कुजण्याचा एक रोग आहे. घरच्या दोन माडांना हा रोग झाला असता लेखकाला काय करावे लागले आणि त्यातून तो काय शिकला, हे या पाठात सांगितले आहे.]

कोकणातील माणसाला माडाचे कौतुक सांगावयास नको. सकाळी अंगण झाडावयाची केरसुणी माडाच्या हिरांची, न्हाणीघरातील चुलीचे जळण माडाच्या वाळलेल्या चुडतांचे, पावसाळ्यात पडवीला बांधलेली झड त्याच्याच झावळ्यांची आणि दुपारच्या आमटीतील वाटप त्याच्याच खोबऱ्याचे. माड घराजवळ असतो असे म्हणण्यापेक्षा तो घरातलाच असतो, असे म्हणणे अधिक खरे होईल.

मालवण तालुक्यातील आमच्या घराच्या परसात असेच दोन माड होते. त्यांतील मोठा विहिरीवरचा. १९६९ साली आईने माहेरून आणलेला एक रुजता नारळ तेथे लावला. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. खड्ड्यात मूठभर मीठ आणि चुलीतली राख टाकणारे तिचे हात मला अजून आठवतात. पहिल्या दोन उन्हाळ्यांत त्याला रोज कळशीभर पाणी घालण्याचे काम माझ्याकडे होते. पुढे माड फळू लागला आणि त्याने ते पाणी व्याजासह परत केले. माझ्या कॉलेजच्या फीचे पैसे दर सहामाहीला कोठून येतात हे मी आईला एकदा विचारले, तेव्हा तिने काही न बोलता खिडकीबाहेर बोट दाखविले होते.

दुसरा माड गोठ्याकडचा. तो या मोठ्या माडाचाच वंशज. २००८ साली आईने विहिरीवरच्या माडाचा एक उत्तम पिकलेला नारळ निवडला, तो रुजवला आणि पंचवीस फुटांचे अंतर सोडून लावला. २०१४ साली आई गेली. त्यानंतर दोनच वर्षांनी या धाकट्या माडाला पहिली पोय आली.

२०१९ साली मी मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झालो आणि कायमचा घरी राहावयास आलो. शाळेत असताना मुलांकडे पाहावे, तसे आता मी झाडांकडे पाहत असे. निदान माझी समजूत तरी तशी होती.

२०२१ च्या मे महिन्यात 'तौक्ते' हे चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. त्या रात्री माड कमरेत वाकून पुन्हा उभे राहत होते. सकाळी पाहिले, तेव्हा आमचे दोन्ही माड उभे होते. मात्र त्यांच्या पुष्कळ झावळ्या पिरगळून लोंबत होत्या. झाडे वाचली, एवढ्यावर मी समाधान मानले. लगेच जून उजाडला आणि पाऊस सुरू झाला.

जुलैच्या मध्यावर एकदा विहिरीवर उभा असताना मोठ्या माडाच्या शेंड्याकडे सहज लक्ष गेले. मधोमध भाल्यासारखी सरळ उभी असणारी सुरळी, म्हणजे अद्याप न उलगडलेली कोवळी झावळी, किंचित पिवळट आणि एका अंगाला कललेली दिसली. 'वादळाने मोडली असेल', असे मी मनाशी म्हणालो. भोवतालच्या तीसएक झावळ्या हिरव्यागार होत्या. नारळांचे घड जागच्या जागी होते. पावसात निसरड्या झालेल्या माडावर कोणी चढतही नाही. मी घरात गेलो आणि ती गोष्ट विसरून गेलो. सतत पस्तीस वर्षे मुलांना 'नीट पाहा' असे सांगणाऱ्या मी स्वतः नीट पाहिले नव्हते.

नारळी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी पावसाने उघडीप दिली आणि आमचा नेहमीचा पाडेली नारळ काढावयास आला. पायांत दोरीचा फास अडकवून तो साठ फूट उंचीचा माड हा हा म्हणता चढला. काही वेळ वरून काहीच आवाज आला नाही. मग तो ओरडला, "मास्तरांनु, ह्यो बघा! माडाचो कोंब हातात इलो."

त्याने वरून टाकलेली सुरळी माझ्या पायांपाशी पडली. तिचे बूड तपकिरी, बुळबुळीत झाले होते आणि त्याला असह्य दुर्गंधी येत होती. पाडेली खाली उतरला. कमरेची कोयती काढून ठेवीत तो हळू आवाजात म्हणाला, "कोंब गेलो म्हणजे माड गेलो. वर हिरवा दिसता, ता सगळा कालचा."

मला ते पटेना. ज्या माडावर नारळांचे सात घड लोंबत होते, तो गेला कसा म्हणावा? त्याच संध्याकाळी मी कृषी सहायक म्हणून काम करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीला निरोप पाठविला. दुसऱ्या दिवशी ती आली. तिने सुरळीचे बूड पाहिले, पाडेल्याला चार प्रश्न विचारले आणि मग मला म्हणाली, "सर, हा कोंब कुजण्याचा रोग आहे. पाडेली म्हणतो ते खरे आहे."

"अगं, पण झाड तर हिरवे आहे!" मी म्हणालो.

तेव्हा विहिरीच्या कट्ट्यावर बसून तिने मला जे समजावून सांगितले, ते मी येथे सांगतो. त्या दिवशी ती शिक्षिका होती आणि मी विद्यार्थी.

आंब्याची किंवा फणसाची एक फांदी वाळली, तर दुसरी फुटते. बुंध्यापाशी तोडलेल्या झाडालाही कित्येकदा पालवी येते. माडाची रचना याहून अगदी वेगळी असते. त्याला फांद्या नाहीत. त्याचा वाढणारा बिंदू सबंध झाडात एकच, तोही शेंड्याच्या आत, झावळ्यांच्या बुडांनी चहूबाजूंनी वेढलेला. या एका कोवळ्या, हस्तिदंती रंगाच्या कोंबातून सुमारे महिन्याला एक याप्रमाणे नवी झावळी जन्माला येते आणि प्रत्येक झावळीच्या बेचक्यात एक पोय येते. माडाचे सारे भविष्य त्या कोंबात साठवलेले असते. तो कुजला की नवी झावळी नाही, नवी पोय नाही. मात्र आधीच तयार झालेल्या झावळ्यांना मुळे पाणी पुरवीत राहतात. म्हणून त्या कित्येक महिने हिरव्या राहतात आणि धरलेले नारळही पिकतात. वरवर पाहणाऱ्याला झाड जिवंत वाटते. प्रत्यक्षात त्याचा अंत कधीच होऊन गेलेला असतो.

"हा रोग करणारा जीव आहे तरी कोणता?" मी विचारले.

"त्याचे नाव फायटोप्थोरा," ती म्हणाली. "ग्रीक भाषेतील या शब्दाचा अर्थच वनस्पतींचा नाश करणारा. नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नाही. पूर्वी त्याला बुरशी समजत; आता शास्त्रज्ञ त्याला खऱ्या बुरशीहून निराळा, काही शैवालांच्या जवळचा मानतात. त्याच्या बीजाणूंना दोन बारीक तंतू असतात आणि त्यांच्या साहाय्याने ते पाण्याच्या थेंबातून चक्क पोहतात."

मग आमच्या पावसाळ्याचा आणि या रोगाचा संबंध माझ्या ध्यानात आला. आठ-आठ दिवस सूर्यदर्शन नाही, हवेत गारवा आणि ओल, शेंड्याच्या बेचक्यांत साठलेले पाणी. त्या शत्रूला याहून सोयीचा काळ कोणता? वाऱ्याने पिरगळलेल्या झावळ्यांच्या जखमा आणि गेंड्या भुंग्याने कोंबाजवळ पाडलेली भोके यांतून त्याला आत शिरणे आणखी सोपे जाते. पुढे कुजलेल्या भागात इतर जंतूही शिरतात आणि दुर्गंधी सुटते. पोफळीच्या बागांत सुपारीची गळ करणारा कोळेरोग आपल्याला माहीत आहे. तोही याच कुळातील एका जीवाचा उपद्व्याप. १८४५ पासून काही वर्षे आयर्लंड देशात बटाट्याचे पीक नासवून ज्याने लाखो माणसांना उपासमारीच्या खाईत लोटले, तोही याचाच भाऊबंद होय.

या रोगामागील जीवाचा अभ्यासही आपल्या देशात झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी आंध्रातील गोदावरीच्या मुखाजवळच्या प्रदेशात ताडाची आणि माडाची असंख्य झाडे मरू लागली. तेव्हा बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत एडविन जॉन बटलर नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांचे मूळचे शिक्षण वैद्यकाचे. पण माणसांच्या रोगांऐवजी त्यांनी वनस्पतींचे रोग अभ्यासावयास घेतले. या साथीच्या मुळाशी असलेल्या जीवाचे वर्णन त्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केले. साथ थांबविण्यासाठी रोगट झाडांचे शेंडे तोडून जाळण्याची मोठी मोहीम तेथे हाती घेण्यात आली होती.

"तोडून जाळण्याची?" मी मध्येच विचारले.

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "होय सर. हा माड आता वाचणार नाही. त्याचा शेंडा आजच उतरवून जाळला पाहिजे. तो तेथे राहिला, तर पावसाच्या प्रत्येक सरीबरोबर रोग खाली उतरेल. गोठ्याकडचा माड जवळच आहे. कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचे सहा माड आहेत."

मी 'बरे' म्हणालो. परंतु पाडेल्याला बोलावले नाही. फळता माड तोडू नये, असे आमच्याकडे मानतात, हे एक निमित्त मला मिळाले. घड पिकेपर्यंत थांबावे, हे दुसरे निमित्त. खरे कारण मला ठाऊक होते. आईने लावलेल्या झाडावर कोयती चालवा, हे शब्द माझ्या तोंडून निघत नव्हते. रोज सकाळी मी विहिरीवर जाई, वर पाही आणि हिरव्या झावळ्या मोजून परत येई.

असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी गोठ्याकडच्या धाकट्या माडाची सुरळी मला पिवळट दिसली.

या वेळी मी घरात गेलो नाही. भर पावसात शिडी लावली. तेरा वर्षांच्या त्या माडाचा शेंडा शिडीवरून हाताला लागत होता. सुरळी नुकतीच कलली होती; तिच्या बुडाशी तपकिरी डाग पडला होता; दुर्गंधी मात्र अजून फारशी नव्हती. ही लागण मी घालवलेल्या बारा दिवसांत झाली की त्याआधीच, हे कोणी सांगू शकणार नाही. पण 'तुझ्यामुळे झाली नाही' असेही मला कोणी खात्रीने सांगू शकणार नव्हते. ज्या मायेने मी एका झाडाला हात लावू दिला नव्हता, त्याच मायेची किंमत आता दुसरे झाड मोजू लागले होते.

तासाभरात पाडेली आला, पाठोपाठ माझी विद्यार्थिनीही आली. तिने येताना मोरचूद आणि कळीचा चुना आणला होता. मोरचूद व चुना यांच्या या औषधाला बोर्डो मिश्रण म्हणतात. त्याची जन्मकथाही मोठी गमतीची आहे. फ्रान्स देशातील बोर्डो शहराच्या परिसरात द्राक्षांचे मळे आहेत. रस्त्याने जाणाऱ्यांनी द्राक्षे चोरू नयेत, म्हणून काही मळेवाले कडेच्या वेलींवर मोरचूद व चुना यांचे निळसर पाणी शिंपडून ठेवीत. अन्यत्र वेली केवडा रोगाने झडत असताना या शिंपडलेल्या वेली मात्र टवटवीत राहिल्या, हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांच्या नजरेस आले. त्यांनी त्यावर प्रयोग केले आणि १८८५ साली हे औषध जगापुढे ठेवले. चोरांसाठी केलेला उपाय रोगावर लागू पडला. पण तो लागू पडला हे पाहणारा डोळा तेथे होता, हे महत्त्वाचे.

आम्ही पडवीत औषध तयार करावयास बसलो. जखमेवर लावावयाचे असल्याने ते मलमासारखे दाट हवे होते. एका प्लॅस्टिकच्या भांड्यात अर्धा लिटर पाण्यात १०० ग्रॅम मोरचूद विरघळविला. दुसऱ्या भांड्यात तितक्याच पाण्यात १०० ग्रॅम कळीचा चुना भिजवून तो निवू दिला. मोरचुदाला लोखंडाचे किंवा पत्र्याचे भांडे चालत नाही, कारण तो त्या धातूशी संयोग पावतो. मग चुन्याच्या निवळीत मोरचुदाचे पाणी हळूहळू ओतीत लाकडाने ढवळत राहिलो. सुरेख आकाशी रंगाचे मलम तयार झाले. त्यात लोखंडी सुरीचे पाते क्षणभर बुडवून पाहिले. पात्यावर तांबूस थर चढला, तर तांबे मोकळे राहिले आहे असे समजावयाचे आणि आणखी चुना घालावयाचा. आमचे पाते स्वच्छ निघाले.

आता कठीण काम उरले होते. पाडेली शिडीवर चढला. त्याने सुरळी उपटून काढली, तिला लागून असलेल्या दोन कोवळ्या झावळ्या कापल्या आणि कोयतीच्या टोकाने कुजलेला भाग कोरू लागला. तपकिरी, मऊ तुकडे खाली अंथरलेल्या गोणपाटावर पडत होते. कोरता कोरता तो थांबला आणि त्याने वरून विचारले, "खंयपर्यंत कापू?"

त्या प्रश्नात सारे काही आले होते. थोडे कमी कापले, तर रोग आत राहणार. थोडे अधिक कापले, तर जो कोंब वाचवावयाचा, त्यालाच पाते लागणार. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले.

"पांढरा, कोरडा, निरोगी गाभा दिसेपर्यंत," ती शांतपणे म्हणाली. "तपकिरी रंगाची एक रेघही ठेवू नका. पण पांढरे दिसले की तेथेच थांबा."

पाडेल्याने कोयती ठेवली आणि लहान चाकू मागितला. मग भाजीचे देठ सोलावे, तसा एकेक पातळ थर तो काढू लागला. पावसाची भुरभुर चालू होती. मी शिडी घट्ट धरून उभा होतो. माझे हात शिडीसाठी कापत होते की आणखी कशासाठी, हे मला सांगता येणार नाही. शेवटी त्याने चाकू तोंडात धरला, दोन्ही हातांनी झावळ्या बाजूला सारल्या आणि मला वर पाहावयाची खूण केली. खोल आत तांदळाच्या पिठासारखा शुभ्र असा ठिपका दिसत होता.

त्याने जखमेवर सर्वत्र मलम लावले. पावसाचे पाणी पुन्हा आत जाऊ नये म्हणून वर एक मातीचे मडके पालथे घालून सुंभाने बांधले. नंतर शेजाऱ्यांच्या परवानगीने त्यांच्याही सहा माडांच्या शेंड्यांवर बोर्डो मिश्रणाची फवारणी केली. फवारणीसाठी औषध पातळ लागते. १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद व एक किलो चुना असे त्याचे प्रमाण आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःच पाडेल्याला म्हणालो, "आता विहिरीवरचा."

त्याने आधी घड उतरविले, मग झावळ्या आणि शेवटी शेंडा. कापलेल्या शेंड्याच्या आत ओंजळभर काळसर चिखलाखेरीज काही उरले नव्हते. मी इतके दिवस ज्याची राखण करीत होतो, ते हे होते! वाळकी चुडते घालून आम्ही तो शेंडा परसाच्या कोपऱ्यात जाळला. ओला असल्याने तो संध्याकाळपर्यंत धुमसत होता. बावन्न वर्षांचे खोड मात्र कठीण आणि निर्दोष होते. रोग शेंड्यात होता. खोडापर्यंत तो पोहोचला नव्हता.

त्यानंतर सुरू झाले वाट पाहणे. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. मडक्याखाली काहीच हालचाल दिसेना. दिवाळीत घरी आलेल्या एका पाहुण्याने 'हा माड ठेवलाय कशाला?' असा प्रश्नही केला. खालच्या झावळ्या हिरव्या होत्या. पण हिरव्या झावळ्यांवर विश्वास ठेवावयाचा नाही, हे मी आता शिकलो होतो. मी रोज पाहत असे, ते मधल्या जागेकडे.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाडेली शेजाऱ्यांकडे नारळ काढावयास आला होता. सहज म्हणून तो आमच्या शिडीवर चढला, त्याने मडके उचलले आणि ओरडला, "मास्तरांनु, कोंब इलो!"

मी वर चढून पाहिले. करंगळीएवढे एक पोपटी टोक जखमेतून बाहेर आले होते. पुढे त्याची झावळी झाली, ती आखूड, चुरगळलेली आणि अर्धवट फाटलेली. तिच्यामागून आलेली दुसरी थोडी बरी होती. पाचवी की सहावी झावळी मात्र नेहमीसारखी, सरळ, उंच अशी उलगडली. आजही त्या माडाच्या खोडावर एका ठिकाणी बारीक कंबर दिसते. आजारातून उठलेल्या मुलाच्या अंगावर व्रण राहावा, तशी ती खूण आहे. २०२४ साली त्याला पुन्हा पोय आली आणि गेल्या नारळी पौर्णिमेला समुद्राला अर्पण केलेला नारळ त्याच माडाचा होता.

आता दर वर्षी मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी आम्ही सर्व माडांवर औषध फवारतो. शेणखताच्या खड्ड्यात गेंड्या भुंग्याच्या अळ्या वाढतात, म्हणून तो खड्डा उपसून पाहतो. पावसाळ्यात एक दिवसाआड मी प्रत्येक माडाच्या सुरळीकडे पाहतो. मान दुखते, पण ही सवय मी सोडलेली नाही. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे. केरळात कासरगोड येथे तर १९१६ पासून माडावर संशोधन चालू आहे. अशा ठिकाणी पुष्कळ ज्ञान साठलेले असते. परंतु ते आपल्या परसातील माडापर्यंत वेळेवर पोहोचावयाचे, तर आपल्याला वेळेवर पाहावे लागते आणि वेळेवर विचारावे लागते.

विहिरीवरच्या माडाचे खोड आम्ही वाया घालविले नाही. घरामागे एक व्हाळ आहे. पावसाळ्यात तो भरला की पलीकडच्या वाडीतील मुलांना शाळेत येण्यासाठी मोठा वळसा पडे. त्या खोडाचे दोन भाग करून आम्ही व्हाळावर साकव घातला आणि धरावयास एका बाजूला बांबू बांधला. सकाळी दप्तरे पाठीला लावून मुले त्यावरून एकामागून एक येऊ लागली की मी पडवीत उभा राहून पाहतो. आईने माहेरून आणलेला तो नारळ एके काळी मला शाळेत पोहोचवीत होता. आज तो त्यांना पोहोचवीत आहे.

शब्दार्थ

हीर – झावळीच्या पातीमधील कठीण शीर.
चुडत – माडाची झावळी.
झड – पावसापासून आडोसा म्हणून बांधलेला झावळ्यांचा पडदा.
पोय – माडाचा फुलोरा.
सुरळी – न उलगडलेली कोवळी झावळी.
पाडेली – माडावर चढून नारळ काढणारा.
इलो – (मालवणी) आला.
खंयपर्यंत – (मालवणी) कोठपर्यंत.
मोरचूद – तांब्यापासून होणारा निळा क्षार.
व्हाळ – ओढा.
साकव – ओढ्यावरील लहान पूल.

अभ्यास

१. 'वर हिरवा दिसता, ता सगळा कालचा' असे पाडेली का म्हणाला? माडाच्या रचनेच्या आधारे स्पष्ट करा.
२. आंब्याचे झाड आणि माड यांच्या वाढीतील फरक सांगा.
३. लेखकाने विहिरीवरचा माड तोडण्यास विलंब का केला? त्याने सांगितलेली दोन निमित्ते कोणती आणि खरे कारण कोणते?
४. 'खंयपर्यंत कापू?' या प्रश्नात 'सारे काही आले होते', असे लेखक का म्हणतो?
५. बोर्डो मिश्रणाचा शोध कसा लागला, ते आपल्या शब्दांत लिहा.
६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : नजरेस येणे, किंमत मोजणे, समाधान मानणे, वळसा पडणे.
७. आपल्या घराजवळील किंवा शाळेजवळील एका झाडाचे आठ दिवस निरीक्षण करा आणि रोज दिसलेले बदल वहीत नोंदवा.